दहा-बारा मतांच्या केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून बसताना

ऊसपट्ट्यातल्या आमच्या गावात माणूस कोण हे सांगताना नावानंतर लगेच गट येतो. विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, कारखान्याचं गट ऑफिस, ग्रामपंचायत, यात्रा कमिटी, सगळीकडे एका विचाराची माणसं. ती आमचीच भाऊबंद, सोयरी आणि शेजारी आहेत, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी काढणारीही तीच आहेत. मत मात्र आमचं वेगळ्या ठिकाणी पडतं. विधानसभा-लोकसभेला आमच्या पक्षाला गावातल्या केंद्रावर दहा-बारा, फार तर पंधरा मतं पडतात.

अशा केंद्रावर पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवारातर्फे मतदानावर लक्ष ठेवणारा माणूस, कशाला बसवायचा, असं पक्षातलेही विचारतात. तालुक्याचे पदाधिकारी एजंट नेमताना मतांचा हिशेब करतात आणि आमच्यासारखी गावं सोडून देतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. जिथे मतं भरपूर, तिथे लक्ष ठेवायला पन्नास माणसं असतात. जिथे आपण नगण्य, तिथे केंद्रात बसलेले बाकीचे सगळे एजंट एकाच भावकीतले निघतात. एकमेकांना अडचणीत आणायचं नाही, हे त्यांचं न बोलता ठरलेलं असतं. तिथे वेगळ्या विचाराचा एक जरी माणूस वही-पेन घेऊन बसला, तरी कामं नियमाने होतात. शिवाय जी दहा-बारा मतं पडतात, ती कोणाची हे गावाला कळू नये, ही जबाबदारी कोणीतरी घ्यावीच लागते. एजंटाचं खरं काम मला हेच वाटतं.

काम मतदानाच्या बरंच आधी, यादीपासून सुरू होतं. गावाच्या यादीत मयत नावं असतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींची असतात, आणि मुंबई-पुण्याला माथाडीत किंवा कंपनीत असलेल्यांची तिकडेही असतात आणि इकडेही. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, तेही एकदाच असू शकतं. नाव नव्याने घालायला नमुना ६, नाव कमी करण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी नमुना ८. पक्षाने रीतसर नेमलेला केंद्रस्तरीय प्रतिनिधी यादीच्या नेहमीच्या पुनरीक्षणात बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, दिवसाला जास्तीत जास्त १० अर्ज देऊ शकतो. आमच्याकडे बीएलओ बहुधा अंगणवाडी सेविका नाहीतर शिक्षक असतात आणि त्यांच्यावरही गावाचं दडपण असतं. म्हणून मयत नावांची यादी त्यांच्याकडे नेताना सगळ्या गटांतल्या मयतांची न्यावी. फक्त समोरच्या गटाची नावं नेली की पहिल्याच दिवशी विश्वास संपतो. दुसरी गोष्ट, जिवंत आणि गावात राहणाऱ्या माणसाविरुद्ध नमुना ७ कधीही भरू नये. खोटं निवेदन केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि गावात त्याची आठवण पुढची पिढीही ठेवते.

एजंट नेमण्याचा कागद म्हणजे नमुना १०. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते, दुसऱ्या कोणाचीही चालत नाही. लहान पक्षांचे एजंट सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आदल्या रात्री अर्जांचा गठ्ठा तालुक्यातून येतो, घाईत एखादा कार्यकर्ताच सह्या करून मोकळा होतो. पण उमेदवाराच्या आणि त्याच्या प्रतिनिधीच्या सहीचा नमुना प्रत्येक केंद्राध्यक्षाकडे आधीच पोचलेला असतो. सही जुळली नाही तर पहाटे साडेपाचला दारातून परत यावं लागतं आणि तेवढ्या वेळात दुसरा कागद येत नाही. म्हणून अर्ज चार दिवस आधी हातात घ्यावा आणि सही डोळ्यांनी तपासावी. उमेदवाराचं नाव, केंद्र क्रमांक आणि आपलं नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहिलंय ना हेही बघावं. एका उमेदवाराला एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, मात्र आत एका वेळी एकालाच बसता येतं. अर्जावरचं निवेदन केंद्राध्यक्षासमोरच सही करून द्यायचं असतं, घरून सही करून नेऊ नये.

बाहेरच्या टेबलाबद्दल आमचं मत अनुभवाने पक्कं झालंय. केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडे (२०२५ पर्यंत हे अंतर २०० मीटर होतं) प्रत्येक उमेदवाराला एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडता येतात, वर सावलीला छत्री किंवा ताडपत्री. तिथून यादीतला क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या देतात. चिठ्ठी पांढऱ्या कोऱ्या कागदाची हवी, तिच्यावर उमेदवाराचं, पक्षाचं नाव किंवा चिन्ह चालत नाही. शहरात हे ठीक आहे. आमच्या गावात मात्र चौकात चार टेबलं लागली की कोण कुठल्या टेबलाशी थांबला हे पारावरचे सगळे मोजत असतात. दहा मतांच्या पक्षाने टेबल मांडलं की आपलाच मतदार सगळ्यांदेखत आपल्याकडे येतो, नाहीतर मुद्दाम दुसऱ्या टेबलावर जाऊन दिवसभर अपराधी तोंडाने फिरतो. दोन्ही त्याला त्रासाचंच. म्हणून आम्ही टेबल लावणं सोडून दिलं. मतदार माहिती चिठ्ठी बीएलओ घरपोच देतात, क्रमांक फोनवर आयोगाच्या ॲपमध्येही सापडतो. आमच्या ओळखीच्यांना आम्ही एवढंच सांगतो की कुठल्याही टेबलावरून चिठ्ठी घ्या, सगळ्यात मोठ्या गटाच्या टेबलावरून घेतली तरी हरकत नाही, आणि ओळखपत्र घरून न्या, कारण माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

सकाळी सातला मतदान असेल तर मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी घेणारं मतदान, त्याच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला सुरू होतो. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात आणि मग पुढे जातात. बड्या पक्षांचे एजंट गावातलेच, आरामात सहाला चहा पिऊन येणारे. त्यामुळे कित्येकदा मॉक पोलला आमचाच माणूस एकटा हजर असतो. पंधरा मिनिटं आधी पोचावं. फोन घरी ठेवावा, केंद्राच्या आत तो चालत नाही. सोबत यादीची प्रत, दोन पेनं, पट्टी, वही, हातातलं घड्याळ, पाणी, डबा आणि चालू असलेली औषधं. रुमाल, उपरणं, टोपी कशावरही पक्षाचा रंग किंवा चिन्ह नको.

आत गेल्यावर यंत्राकडे वळण्याआधी मतदान कक्ष, म्हणजे मत देण्याचा आडोसा, कुठे मांडलाय ते बघावं. शाळेची खोली असते, खिडक्या खाली असतात आणि काही ठिकाणी गजाला लोंबकळणारी पोरंही. बॅलट युनिट, म्हणजे मताची बटणं असलेलं यंत्र, खिडकीतून किंवा दारातून दिसत असेल तर आत्ताच सांगावं. मतदान सुरू झाल्यावर कक्ष हलवणं अवघड जातं. वेबकास्टिंगचा कॅमेरा असेल तर त्याच्या टप्प्यात कक्षाची आतली बाजू येत नाही ना हेही विचारावं. व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) डोक्यावर थेट बल्ब किंवा खिडकीचं ऊन असेल तर यंत्र दिवसा मध्येच बिघाड दाखवतं, म्हणून तेही सरकवून घ्यावं. केंद्राध्यक्ष बाहेरून आलेले असतात, रात्रभर शाळेतच झोपलेले असतात, बहुतेक शिक्षकच. "साहेब, टेबल एवढं भिंतीला लावलं तर बरं होईल, बाहेरनं दिसतंय," असं सांगितलं की ते ऐकतात. आवाज चढवून कायदा सांगितला तर तेच काम अडून बसतं.

मॉक पोलची पद्धत अशी. आधी कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावर, सगळ्या उमेदवारांपुढे शून्य दाखवतात आणि व्हीव्हीपॅटचा चिठ्ठ्या पडायचा कप्पा रिकामा दाखवतात. मग किमान ५० मतं टाकायची. उमेदवार १२ आणि नोटा धरून १३ बटणं असतील तर प्रत्येकाला चार म्हणजे ५२ होतात. गैरहजर एजंटांच्या वाटची मतं मतदान कर्मचारी टाकतात. प्रत्येक बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि कापून खाली पडते. मी वहीत उभे रकाने आखून प्रत्येक मताची रेघ ओढतो, कारण नंतर आठवणीवर भांडण नको. मग क्लोज, रिझल्ट, आणि निकाल व चिठ्ठ्या जुळल्यावर क्लिअर. याच क्रमाने.

चूक होते ती या शेवटच्या टप्प्यात. सहा-पन्नास झालेले असतात, बाहेर रांग लागलेली असते, झोनल अधिकाऱ्याचा फोन येत असतो आणि केंद्राध्यक्ष क्लिअर दाबायचं विसरतात किंवा व्हीव्हीपॅटमधल्या मॉक पोलच्या चिठ्ठ्या तशाच राहतात. मग मतमोजणीच्या दिवशी यंत्रातली मतं आणि हिशेब जुळत नाही आणि ते यंत्र बाजूला ठेवलं जातं. जिंकण्याचा फरक त्या मतांपेक्षा कमी असेल तरच पुढे त्याचा विचार होतो. म्हणजे सगळ्या गावाचं मत टांगणीला लागतं, आपली दहा आणि त्यांची सातशे दोन्ही. म्हणून क्लिअरनंतर टोटलचं बटण दाबून शून्य दाखवायला सांगावं आणि चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात गेल्या हे बघूनच प्रमाणपत्रावर सही करावी. नंतर कंट्रोल युनिटच्या निकालाच्या भागावर हिरवं कागदी सील लागतं. त्यावर एजंटाला सही करता येते. जरूर करावी, आणि सीलचा क्रमांक वहीत उतरवावा. कंट्रोल युनिटचा क्रमांकही. मोजणीला आपला माणूस असेल तर त्याला हेच क्रमांक लागतात.

बसण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, नंतर नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. लहान पक्षाची खुर्ची कोपऱ्यात जाते. त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही, पण आत येणाऱ्या मतदाराचा चेहरा दिसला पाहिजे आणि पहिल्या मतदान अधिकाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. तो क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो ते एजंटांसाठीच. ऐकू येत नसेल तर "मॅडम, जरा मोठ्यानं" एवढं म्हणावं, त्यांना ते वाचणं भागच आहे. आपण आपल्या प्रतीवर खूण करायची. ती प्रत केंद्राबाहेर न्यायची नाही. बदली एजंट आला तर त्याच्या हातात द्यायची आणि रिकाम्या हाताने बाहेर पडायचं. कोणी मत दिलं, कोण राहिलं, अशा क्रमांकांच्या चिठ्ठ्या बाहेर पाठवायलाही मनाई आहे. हे सर्रास होतं. पाण्याच्या बाटलीबरोबर चिठ्ठी बाहेर जाते आणि दुपारनंतर राहिलेल्यांच्या दारात गाड्या उभ्या राहतात. असं दिसलं तर त्या एजंटाशी न बोलता थेट केंद्राध्यक्षांना सांगावं, तेही हळू आवाजात. ज्याच्यावर बोलतोय तो बहुतेक वेळा आपला चुलत भाऊ असतो आणि संध्याकाळी त्याच्याच अंगणातून घरी जायचं असतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपल्याला मत देणारा माणूस खोलीत येतो तेव्हा आपोआप आपल्याकडे बघतो. त्याला धीर हवा असतो. बाकीचे एजंट त्या वेळी मतदाराकडे बघत नसतात, ते आपल्याकडे बघत असतात. आपण हसलो, मान हलवली, "या तात्या" म्हटलं, की त्या माणसाच्या नावापुढे कोणाच्या तरी वहीत खूण झाली म्हणून समजा. म्हणून नाव वाचलं की चेहरा एकदा बघायचा, ओळख पटली की नजर यादीवर. सरपंच आले तरी तेच, सख्खी बहीण आली तरी तेच. दिवसभर सारखाच चेहरा ठेवणं बोलायला सोपं वाटतं, पण अकरा तास ते निभावणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. नवीन पोराला एजंट म्हणून बसवताना आम्ही नमुने आणि नियम शिकवतो तेवढाच वेळ हे शिकवण्यात घालवतो.

म्हाताऱ्यांच्या मतदानावर वाद होतात. दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला स्वतः बटण दाबता येत नसेल तर सोबतीला माणूस नेता येतो. तो १८ वर्षांचा किंवा मोठा हवा, त्याने गुप्तता पाळण्याचं निवेदन द्यायचं असतं, आणि एका दिवसात त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं. याची नोंद नमुना १४ अ मध्ये होते. प्रत्यक्षात गटाचा एखादा तरतरीत कार्यकर्ता सकाळी एका आजीला घेऊन येतो, तासाभराने दुसरीला. "आजीला दिसत नाही" म्हणतो आणि आजी मात्र भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ सांगते. इथे आजीला काही बोलायचं नाही, तिची काही चूक नाही. केंद्राध्यक्षांना म्हणायचं, "साहेब, यांचं नाव १४ अ मध्ये आधी आलंय, बघता का?" त्यांनी यादी काढली की प्रश्न मिटतो. मग आजीचा नातू किंवा सून आत येते, किंवा आजी स्वतःच कक्षात जाते आणि नीट मत देऊन बाहेर येते. बऱ्याच आज्यांना नेमकं तेच हवं असतं.

ओळखीला हरकत घ्यायची तर प्रत्येक हरकतीला २ रुपये केंद्राध्यक्षाकडे भरावे लागतात. चौकशी तिथेच होते, माणूस खरा निघाला तर मत देतो, तोतया निघाला तर पोलिसांत जातो. अधिकार आहे, पण आमच्यासारख्या गावात तो जपून वापरावा. दोनशे घरांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणजे आपण हरकत घेतली की ती ओळखीवरची हरकत राहत नाही, ती त्या घराच्या अब्रूवरची होते. आम्ही ती फक्त एकाच प्रसंगी घेतो, मयताच्या किंवा कायम बाहेरगावी असलेल्याच्या नावावर दुसरं कोणी आलं तर. गैरहजर, स्थलांतरित आणि मयतांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. ते नाव वाचलं गेलं की आधी "साहेब, वेगळ्या यादीत बघा" एवढंच म्हणावं. दहातल्या नऊ वेळा आलेला माणूस तिथूनच मागे फिरतो. नावातल्या किरकोळ चुकांवर, काना-मात्रेवर, वयातल्या फरकावर बोलूच नये. ओळख पटत असेल तर त्या चुका सोडून द्यायच्या, असंच आयोगाचंही सांगणं आहे. आणि खऱ्या मतदाराच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर त्याला हात हलवत परत जाऊ देऊ नका. ओळख पटवून त्याला प्रदत्त मतपत्रिकेवर, म्हणजे यंत्राऐवजी कागदावर, मत देता येतं, नोंद १७ ब मध्ये होते. तो समोरच्या गटाचा असला तरी उठून हे सांगावं. गावातली आपली किंमत अशा वेळी ठरते.

यंत्र बिघडलं तर घाबरण्यासारखं काही नसतं. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्हींचा संच बदलतात आणि नोटासह प्रत्येकाला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल घेतात. बंद पडल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ, त्या क्षणापर्यंत पडलेली मतं आणि नव्या यंत्राचे क्रमांक लिहून घ्यावेत. खोळंबलेल्या रांगेत अफवा लगेच पसरतात. त्या वेळी लहान पक्षाच्या एजंटाने व्हरांड्यात येऊन "माझ्यादेखत बदललंय, बरोबर झालंय," असं सांगितलं तर लोक ऐकतात, कारण त्याला कोणाचीच बाजू सांभाळायची नसते, हे त्यांना ठाऊक असतं.

जेवणाबद्दल एक. दुपारी बड्या गटांकडून सगळ्या एजंटांना आणि कर्मचाऱ्यांना जेवण येतं. कर्मचाऱ्यांनी ते घेऊ नये असा नियम आहे. आम्ही आपला डबा नेतो आणि व्हरांड्यात सगळ्यांबरोबर बसूनच खातो. भाजी एकमेकांच्या ताटात जाते, त्याला नाही म्हणत नाही. वेगळं बसून खाल्लं तर उरलेली पाच वर्षं वेगळंच बसावं लागतं.

सहा वाजता जे रांगेत असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. एजंटाने त्या वेळी दाराशी उभं राहावं. शेवटचं मत पडलं की क्लोजचं बटण, आणि पडद्यावर एकूण मतं. तो आकडा लिहून घ्यायचा आणि मतदारांच्या सह्यांच्या १७ अ नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी ताडायचा. सही करूनही ज्यांनी मत दिलं नाही किंवा ज्यांना नियमभंगासाठी मत देऊ दिलं नाही ते वजा केले की दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आपल्या यादीवरच्या खुणांत एक-दोनचा फरक येतो, गर्दीत एखादं नाव निसटतं. तो फरक महत्त्वाचा नाही. १७ अ आणि यंत्रातला फरक मात्र महत्त्वाचा.

मग १७ क, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशेब. त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला पोच घेऊन द्यायची, असा नियम आहे. एजंटाने ती मागण्याचीही गरज नसते. तरी संध्याकाळच्या घाईत "कोरे फॉर्म संपले", "उद्या तहसीलला या" असं ऐकायला मिळतं. बड्या पक्षांचे एजंट तोवर घरी गेलेले असतात, त्यामुळे मागणारे आपण एकटेच उरतो. न चिडता बसून राहावं. केंद्राध्यक्ष सामान बांधत असतील तर आपणच हाताने प्रत उतरवून द्यावी आणि त्यावर त्यांची सही घ्यावी. मतमोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं याच कागदाशी ताडतात, त्यामुळे दिवसभराच्या बसण्याचं फळ म्हणाल तर हाच एक कागद.

इथपर्यंतचं काम नियमांनी बांधलेलं आहे. अवघड भाग निकालानंतर येतो. मोजणी यंत्रागणिक, म्हणजे केंद्रागणिक होते आणि नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे छापून येतं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला मोजणी. त्या रात्रीच आकडे गावोगावच्या ग्रुपवर फिरत होते. मतपत्रिकांच्या काळात, आयोगाने तसं ठरवलं तर, मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. यंत्रांसाठी तशीच सोय असावी म्हणून आयोगाने २००८ मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव दिला. त्यात १४ यंत्रं एकत्र जोडून फक्त बेरीज निघते. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारसही केली. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. मोठ्या शहरात केंद्रागणिक आकड्यांनी काही बिघडत नाही. आठशे मतदारांच्या केंद्रावर मात्र ही सोय व्हायलाच हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कारण आकडा आला की पारावर हिशेब सुरू होतो. अकरा मतं. एजंटाच्या घरात पाच. उरली सहा. ती कोणाची? मग गेल्या यात्रेला कोण कोणाशी बोललं, कोणाच्या पोराने कुठली पोस्ट टाकली, यावरून नावं लागतात. म्हणून उघडपणे ओळखल्या जाणाऱ्या माणसाने आपल्या घरातली मतं किती आणि कोणाला पडली हे कधीही सांगायचं नाही, हसण्यावारी नेतानासुद्धा नाही. "आमच्या घरातली पाचही पडली" म्हटलं की वजाबाकी सोपी होते आणि त्या सहाजणांभोवतीचा घेर लहान होतो. घरातल्या सगळ्यांनी ते सांगितलं नाही, तर अकराच्या अकरा मतं कोणाचीही असू शकतात. "तुमच्या घरातलीच दोन फुटली म्हणे" असं कोणी डिवचलं तरी "असेल बाबा" म्हणून गप्प बसावं. आपल्या पाठिराख्यांची यादी वहीत नको, फोनमध्ये नको, पक्षाच्या ग्रुपवर तर नकोच. तालुक्याहून नावं मागितली तर नाही म्हणावं. मताची गुप्तता राखणं हे एजंटाचं कायदेशीर कर्तव्यही आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ खाली ती मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ही काळजी कशासाठी, ते ऊसवाल्याला सांगावं लागत नाही. विधानसभेचं मतदान झालं तेव्हा गळीत हंगाम नुकता सुरू झाला होता. तोड कोणाला आधी मिळते यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. तुरा आलेला ऊस उभा राहिला की वजन घटतं आणि खोडव्याचं गणितही चुकतं. तोडणीची टोळी कोणाच्या शेतात जायची हे चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आणि गट ऑफिस ठरवतात. कोणी मुद्दाम मागे ठेवलं हे सिद्ध करता येत नाही, म्हणूनच संशयावरून नाव लागणं महागात पडतं. ज्याचं राजकारण जगजाहीर आहे त्याने आपली बाजू कागदावर पक्की ठेवावी. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद वेळेत करावी आणि तिची पावती जपावी. तोड लांबली तर भांडताना मताचा विषय काढू नये, क्रमपाळीची यादी मागावी. माझ्यानंतरच्या तारखेच्या लागणीला तोड मिळाली का, एवढाच प्रश्न लेखी विचारावा. बिलाचंही तसंच. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे नियम सगळ्या गटांच्या शेतकऱ्यांना लागू आहेत, त्यामुळे अर्जावर समोरच्या गटातलेही दोघे-तिघे सह्या करतात. असा अर्ज कोणाला सहज बाजूला ठेवता येत नाही.

ग्रामसभेत पण हीच पद्धत चालते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तो. आपल्या विचाराची पाच माणसं असली तर ठराव मंजूर होत नाही, पण प्रश्न नोंदवता येतो. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही, म्हणून प्रश्न आधी लेखी देऊन त्यावर आवक क्रमांक घ्यावा. प्रश्न गटाराचा, पाण्याच्या टाकीचा, घरकुल यादीचा असावा. पक्षाचा असू नये. ग्रामपंचायत निवडणूक तशीही पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनलवर होते. आणि पॅनलमध्ये विधानसभेला विरोधात असलेले लोकही एकत्र येतात.

निकालाची धूळ बसली की आम्ही पुन्हा यादीकडे वळतो. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात अशा तारखा, आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण होणाऱ्या पोरापोरींचे नमुना ६ भरून द्यायला गावात फारसं कोणी पुढे येत नाही. आम्ही दहावी-बारावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख, एक पासपोर्ट आकाराचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या कोणाचा तरी मतदार ओळखपत्र क्रमांक एवढं गोळा करून बीएलओकडे नेऊन देतो. घर कुठल्या गटाचं हे अर्जात कुठेही लिहायचं नसतं. आडनावाचं स्पेलिंग मात्र दाखल्याप्रमाणेच घालावं, नाहीतर नमुना ८ भरायला पुन्हा खेप पडते.